खाजन आणि खारफुटी

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलं की दोन्ही बघायला मिळतात, तरी पाहुणे दोन्हीला एकच समजतात. थोडा दोष शब्दाचा. महाराष्ट्रात खाजण म्हटलं की खाडीकाठची खारट दलदल डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे खाजन म्हणजे शेत.

खारफुटी आपली आपण वाढते. ओहोटीला तिवराची पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर आलेली दिसतात, झाड त्यांतून श्वास घेतं. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं. चोडणचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं, पण तिथे हे सगळं दिसतं. माणसाने हात न लावणं हेच तिथलं राखणं.

खाजनाला हात लावला नाही तर ते मरतं. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी बांध घालून ही जमीन खाडीकडून मिळवली. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारं दार, असते. भरतीच्या रेट्याने तिची लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. तेव्हा तिथे उभं राहावं: लावलेल्या जाळ्यात कोळंबी तडतडत असते. पहिल्या पावसांनी मातीतला खार धुतला गेला की कोरगुट, म्हणजे खार सोसणारं भात, पेरायचं. पण एक फळी कुजली किंवा खेकड्यांनी बांध पोखरला, तरी खारं पाणी शेतात. ही राखण पूर्वी कोमुनिदादीकडे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे होती, आता कुळांच्या संघटनांकडे आहे.

बांध फुटून तसाच राहिला की शेतात तिवर उगवतं. वरून बघणाऱ्याला हिरवळ वाढलेली दिसते. ज्याचं भात गेलं त्याला ती झाडं तोडताही येत नाहीत, कायद्याचं संरक्षण असतं. मला हा अन्याय वाटतो, कारण बांध नेहमी त्याच्या हयगयीने फुटत नाही. खनिजाच्या बार्जेसच्या लाटा बांध खातात. जास्त मासळीसाठी कुणी मानस उघडी ठेवतो. 2011 च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांत बांधकामाला मनाई केली, व्यवस्थापन आराखडाही करायला सांगितला. पण फुटलेला बांध मनाईने बुजत नाही, त्याला चिखल आणि माणसं लागतात.

बांधाच्या नदीकडच्या अंगाला खारफुटी हवीच, लाटांचा मार ती झेलते. आतल्या अंगाला कोवळं तिवर दिसलं, तर मात्र आधी मानसीची दारं तपासायला जायचं.