ट्रॅक्टर येतो, मग कार का बंद पडते?

"ट्रॅक्टर चालवतो की तो, त्याला कारचं काय अवघड आहे!" बीड-परभणीपासून लातूर-नांदेडपर्यंत कुठल्याही गावात दारात पहिली कार आली की हे वाक्य ऐकू येतं. मग उसाच्या दोन ट्रॉल्या लीलया कारखान्यावर नेणारा गडी कारमध्ये बसतो, पहिला गिअर टाकतो, क्लच सोडतो. गाडी दोन गचके खाते आणि बंद. पुन्हा सेल, पुन्हा गचका. बाहेर उभे असलेले काका, मामा, शेजारी सगळे एका सुरात ओरडतात, "अरे रेस दे की, रेस दे!"

या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. गाडी रेस कमी पडली म्हणून बंद पडत नाही, क्लच ट्रॅक्टरसारखा सोडला म्हणून पडते. रोग एक आणि औषध भलतंच, असं हे वर्षानुवर्षं चाललं आहे.

कागदावर दोघं एकाच घरातले आहेत, हे खरं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे. रिकामं वजन ७५०० किलोपर्यंत असलं की मोटारकारही त्यात येते आणि ट्रॅक्टरही. पण इंजिनाला व्याख्या कळत नाही.

ट्रॅक्टरबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. दोन ब्रेक, हाय-लोचा दांडा, हाताची रेस हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. कारचं स्टिअरिंग हलकं, बसायला जागा खाली, ब्रेक एकच. या गोष्टी दुपारभरात जमतात. अडकायला होतं ते फक्त डाव्या पायाशी.

ट्रॅक्टर तुम्हाला सांभाळून घेतो आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. त्याच्या डिझेल पंपात गव्हर्नर असतो. साध्या पंपात तो फिरत्या वजनांवर चालतो. इंजिनच्या फेऱ्या पडल्या की वजनं आत येतात आणि पंप आपणहून जास्त डिझेल सोडतो. फेऱ्या वाढल्या की वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होतं. म्हणजे हाताच्या रेसचा दांडा लावताना तुम्ही डिझेल किती हे ठरवत नसता, फेऱ्या किती हे ठरवत असता. रोटाव्हेटर मारताना हे रोज दिसतं. पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरत असतो, रान भुसभुशीत असेतोवर इंजिन हलकं वाजतं. काळ्या रानातला कडक पट्टा आला की आवाज जड होतो, धूर काळा होतो, पण ट्रॅक्टर ओढत राहतो. तुम्ही दांड्याला हातही लावलेला नसतो. कसलेल्या बैलाला जड जागी हाक मारावी लागत नाही, तो आपणच खांदा लावतो, तसं हे.

पेट्रोल कारच्या पेडलचं काम वेगळं. ते हवेची झडप उघडतं. पाय जिथे आहे तिथेच राहिला आणि वरून भार आला, तर फेऱ्या पडणारच. आजकालच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो. पाय रेसवर नसताना तो इंजिन साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांवर धरून ठेवायची धडपड करतो. भार हळूहळू आला तर त्याला सावरता येतं. एकदम आला तर येत नाही.

त्यात ताकदीचा हिशोबही उलटा आहे. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ८०-९० हॉर्सपॉवरचं असतं आणि घरचा ट्रॅक्टर ४५-५० चा, म्हणून लोकांना वाटतं कार जास्त दमदार. पण कारची ती ताकद वरच्या फेऱ्यांना आहे. तिचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन मीटरच्या आसपास, आणि तोही ४००० च्या वर फेऱ्या गेल्यावर पूर्ण मिळतो. निघताना इंजिन ८०० वर असतं, तेव्हा हातात त्यातला थोडाच भाग असतो. ट्रॅक्टरचा टॉर्क खालच्या फेऱ्यांनाच भरपूर, आणि त्याचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला फिरतं ठेवणारं चाकही जड.

आणि आता मुख्य गोष्ट. लोच्या पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर ताशी दोन-तीन किलोमीटरने चालतो. उभ्या ट्रॅक्टरचा क्लच चटकन सोडला तरी शून्यावरून दोनवर जायचं असतं; एक धक्का बसतो आणि तो निघतो. कारचं इंजिन नुसतं ८०० वर चालू असेल तरी पहिल्या गिअरमध्ये त्याचा वेग ताशी सहा-सात किलोमीटर होतो. इकडे चाकं जागेवर उभी, तिकडे इंजिन सहा-सातने पळायला तयार. हे अंतर भरून काढायला इंजिन आणि चाकं जोडणाऱ्या क्लच प्लेटने थोडा वेळ घसरावंच लागतं. घसरू दिलं नाही, तर चाकं इंजिनाला आपल्यासारखं थांबवतात. गाडी बंद पडली म्हणतो ती अशी.

म्हणून ट्रॅक्टरचा क्लच सोडायचा आणि कारचा क्लच मध्येच थांबवायचा. याला सगळे हाफ क्लच म्हणतात, पण बहुतेकांना वाटतं की हाफ क्लच म्हणजे हळू सोडणं. हळू सोडणं पुरेसं नाही. सुरुवातीचा बराचसा भाग पाय झटकन वर आणला तरी काही बिघडत नाही, तिथे प्लेट लागलेलीच नसते. पुढे एक जागा येते: इंजिनचा आवाज किंचित बसतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं, पायाखाली बारीक थरथर येते. तिथे पाय गोठवायचा. गाडी सरकायला लागली तरी लगेच उचलायचा नाही. चाकं आणि इंजिन एका वेगाला येईपर्यंत, एक-दोन सेकंद, पाय तिथेच. मग उरलेला क्लच सोडायचा. दहांपैकी नऊ जण गाडी हलली रे हलली की सुटलो म्हणून पाय काढून घेतात, आणि गचका तिथेच बसतो.

हे शिकायला रेस लागतच नाही, उलट सुरुवातीला ती नसलेलीच बरी. सुट्टीच्या दिवशी मोंढ्याचं आवार मोकळं असतं, जमीन सपाट असते. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, उजवा पाय ब्रेकवरून काढून नुसता शेजारी ठेवा. रेसला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. क्लच त्या जागेवर आणा आणि थांबा. सपाटीवर गाडी आपणहून माणसाच्या चालीने निघते. पुन्हा क्लच दाबा, ब्रेक, थांबा. पुन्हा तेच. पायाला ती जागा डोळे मिटून सापडेपर्यंत रस्त्यावर जायचंच नाही, असा माझा आग्रह आहे. त्यानंतर त्यात थोडी रेस मिसळायची.

"रेस दे" म्हणणाऱ्यांचं म्हणणं वरवर खरं ठरतं, हीच खरी अडचण. इंजिन तीन हजारांवर नेऊन क्लच सोडला तर गाडी बंद पडत नाही. पण तेवढ्या फरकाने प्लेट घासली जाते, जळका वास येतो आणि प्लेट वेळेआधी खराब होते. चढावर तर हे आणखी वाईट. दौलताबादच्या किल्ल्याजवळ दिल्ली दरवाजाच्या कमानीखालून एकावेळी थोड्याच गाड्या निघतात आणि खुलताबादच्या बाजूला पुढे घाट लागतो. श्रावणात वेरूळला निघालेल्यांची तिथे रांग लागते. रांगेत पुष्कळ जण ब्रेक न लावता हाफ क्लच आणि रेसवर गाडी तोलून धरतात. ते कौशल्य वाटतं, पण मिनिटामिनिटाला प्लेट घासते. चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा. निघताना क्लच त्या जागेवर आणा, थोडी रेस द्या, गाडी पुढे ओढ घेतेय असं जाणवलं की मगच हँडब्रेक सोडा.

ट्रॅक्टरवाल्यांची आणखी एक सवय म्हणजे मोकळ्या ट्रॅक्टरला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये उचलणं. कार जागेवरून निघताना फक्त पहिला. दुसऱ्यात उचलायचा प्रयत्न केला तर वर सांगितलेलं इंजिन आणि चाकांच्या वेगातलं अंतर जवळपास दुप्पट होतं.

डिझेल कारवर शिकलेल्यांनाही हाच फटका बसतो. बोलेरो किंवा जुनी डिझेल स्विफ्ट खालच्या फेऱ्यांना दमदार असते, क्लचमधल्या पुष्कळ चुका पोटात घालते. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ हा कडक नियम लागू झाला आणि मारुती सुझुकीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, त्यामुळे अनेक घरांत पुढची गाडी पेट्रोल किंवा सीएनजीची आली. सीएनजीवर ताकद अजून थोडी कमी. माझं मत विचाराल तर शिकायचं साध्या पेट्रोल गाडीवरच. तिच्यावर जमलं की डिझेलवर वेगळं शिकावं लागत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलबद्दल एक तक्रार आहेच. तिथल्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. आमच्या भागातल्या एका स्कूलमधून शिकून आलेल्या कित्येक मुली-मुलांची गाडी तिथे एकदाही बंद पडली नव्हती, आणि घरच्या गाडीत पहिल्याच वळणावर पडली. शिकवणारा वेळेवर आपला क्लच दाबत होता, शिकणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: साहेब, गाडी बंद पडू द्या, पण पाय काढा.

आणि बंद पडली तर? आधी ब्रेक दाबा, मग क्लच पूर्ण. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदतही एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक सारखा सोडून-दाबून बघायचा नाही, एकदाच धरून ठेवायचा. गिअर पहिल्यातच असेल तर न्यूट्रल शोधत बसायची गरज नाही. क्लच तळापर्यंत दाबलेला असताना सेल मारा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या. रेस वाढवू नका, पाय पुन्हा त्याच जागेवर आणा आणि तिथे थांबवा.