पॉपिंग: आवळण्याइतकेच सोडणेही

उजवा हात खांद्याच्या उंचीवर समोर धरावा, कोपर किंचित वाकलेले असू द्यावे आणि डाव्या हाताने उजवा दंड असा पकडावा की अंगठा बेटकुळीवर आणि बोटे दंडाच्या मागच्या स्नायूवर टेकतील. आता मूठ न आवळता दंड क्षणभर ताठ करून लगेच सोडून द्यावा. अंगठ्याखाली आणि बोटांखाली एकाच वेळी टणकपणा जाणवला, हाताला बारीकसा हिसका बसला आणि तरीही हात होता तिथेच राहिला, तर पॉपिंग या नृत्यशैलीतली पहिली पायरी, म्हणजे 'पॉप', जमली असे समजावे.

ही शैली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या फ्रेस्नो शहरात, फंक संगीताच्या तालावर घडली. बुगालू सॅम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॅम सोलोमन यांनी १९७७ मध्ये तिथे एक नृत्यसमूह उभा केला, जो पुढे इलेक्ट्रिक बुगालूज या नावाने प्रसिद्ध झाला. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेल यांनी लॉकिंग ही शैली रूढ केली होती, जिच्यात वेगाने चाललेली हालचाल एकदम थबकते. नाचताना स्नायू आवळण्याच्या प्रत्येक क्षणी सॅम तोंडाने 'पॉप' असा आवाज करीत आणि त्यावरूनच शैलीला नाव मिळाले, असे सांगितले जाते.

हा झटका दिसतो सोपा, पण तो शरीराच्या रोजच्या सवयीविरुद्ध जातो. आपण कोपर वाकवतो तेव्हा पुढचा स्नायू आकुंचन पावतो आणि मागचा सैल पडतो. कोपर सरळ करताना याच्या उलट घडते. एकाला आवळण्याचा संदेश गेला की त्याच्या विरुद्ध काम करणाऱ्याला आपोआप गप्प बसवणारी मज्जातंतूंची जोडणी आपल्या मज्जारज्जूतच असते, आणि तिचा पद्धतशीर अभ्यास चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने केला होता. पॉप करताना मात्र मेंदूला दोन्ही स्नायूंना एकदमच हुकूम द्यावा लागतो. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ लागल्यामुळे सांधा जागचा फारसा हलत नाही, मात्र क्षणात ताठ होतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की अंगातून विजेचा धक्काच गेला. नवख्याचा हात पॉप करताना वर उडतो किंवा आत वळतो, तेव्हा दोघांपैकी एका स्नायूने आघाडी घेतलेली असते. दंडावरचा दुसरा हात ही चूक आरशापेक्षा लवकर पकडतो, म्हणून पहिले काही दिवस आरशाशिवाय शिकावे असे माझे मत आहे.

तथापि खरी अडचण आवळण्यात नसून सोडण्यात आहे. मज्जातंतूचा संदेश पोहोचला की स्नायूपेशीच्या आतल्या कोठारांतून कॅल्शियम बाहेर सांडते, त्यामुळे मायोसिन या प्रथिनाचे धागे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना पकडून ओढू लागतात आणि स्नायू आखूड होऊ पाहतो. तो पुन्हा सैल व्हायचा असेल तर सांडलेले कॅल्शियम कोठारात परत भरावे लागते, आणि तो उपसा करणाऱ्या सूक्ष्म पंपांना एटीपी या रेणूच्या रूपात ऊर्जा पुरवावी लागते. आपण ज्याला 'नुसते सोडून देणे' म्हणतो त्यासाठीही शरीर असे कष्ट घेत असते. मायोसिनची पकड सुटायलाही एटीपीच लागते, म्हणून मृत्यूनंतर एटीपी संपल्यावर स्नायू सैल न राहता ताठरतात. थकलेला स्नायू सैल व्हायला आणखी वेळ घेतो, त्यामुळे तासभर सलग सराव केल्यावर झटके एकमेकांत मिसळू लागतात आणि त्यांची धार जाते. अशा वेळी नेटाने जोर वाढवण्याऐवजी सरळ विश्रांती घ्यावी, कारण जोर वाढवला की स्नायू उलट अधिकच आवळलेले राहतात.

यात तालाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मिनिटाला ११० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये सुमारे ०.५५ सेकंद मिळतात, आणि एवढ्यात आवळून पूर्ण सैल होऊन पुढच्या झटक्यासाठी तयार राहायचे असते. ठोका कानावर पडल्यावर हालचाल सुरू करणाऱ्याला साधारण ०.१५ सेकंद उशीर होणारच, कारण ऐकून प्रतिसाद द्यायला माणसाला तेवढा वेळ लागतो. तबलावादक जसा सम येण्याआधीच तिच्या रोखाने निघालेला असतो, तसे नर्तकालाही ठोक्याचा अंदाज बांधून आधीच निघावे लागते. म्हणून सुरुवातीला गाणे अगदी धिमे लावावे आणि एक ठोका आवळण्यासाठी, तर पुढचा सोडण्यासाठी ठेवावा. हा सोडण्याचा ठोका मनात मोजलाच पाहिजे. श्वास रोखून धरण्याची सवय इथेच मोडावी, कारण श्वास अडला की मान आणि खांदे नकळत ताठ होतात.

हात जमल्यावर 'फ्रेस्नो' नावाची मूळ चाल घेतात, ज्यात शरीर एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला झुकते आणि प्रत्येक ठोक्यावर हात व पाय यांचे पॉप एकत्र पडतात. इथे पायाचा झटका बहुतेकांचा दिसतच नाही. मेंदूपासून मांडीपर्यंत संदेश जायला लागणारा जादा वेळ काही सहस्रांश सेकंदांचाच असतो, त्यामुळे अंतराला दोष देता येणार नाही. शरीराचे वजन पेलणाऱ्या पायाचे स्नायू आधीच कामाला लागलेले असतात, आणि जे आधीच ताठ आहे त्याचे ताठ होणे पाहणाऱ्याला दिसणार कसे? म्हणून पायाचा पॉप शिकताना सगळे वजन दुसऱ्या पायावर घ्यावे, शिकणाऱ्या पायाचे नुसते पाऊल जमिनीला टेकलेले ठेवावे आणि गुडघा किंचित वाकवून मांडी हाताने हलवून पाहावी. ती लोंबत्या पिशवीसारखी डुलली की मगच झटका द्यावा, आणि गुडघा सरळ होईल तिथेच थांबवावा. त्यापलीकडे मागे हिसडला तर सांध्याला इजा होऊ शकते.