शिंगट्याला बसायच्या आधी रीलचा ड्रॅग बघा

दर सोमवारी गळ-दोरीचं दुकान उघडलं की दोन-तीन जण तरी तुटकी दोरी घेऊन उभे असतात. कुणी वडकबाळला सीनेवर बसून आलेला, कुणी टाकळीकडं भीमेवर, कुणी थेट उजनीच्या बॅकवॉटरवरून, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की मालक दोरी खराब निघाली, मोठा शिंगटा (काटेवाला मिशाळ मासा) होता, एका झटक्यात तोडून गेला. प्रत्येकाला तेच समजावून सांगण्यात सकाळ जाते म्हणून हे लिहून काउंटरवर ठेवतोय, दोन मिनिटं काढून वाचा.

दोरीच्या आधी मी रील हातात घेतो. समोरचा ड्रॅगचा नॉब, म्हणजे किती जोर आल्यावर दोरी सुटेल ते ठरवणारा, फिरवून बघतो तर तो पार शेवटपर्यंत आवळलेला, इतका की स्पूल (दोरी गुंडाळलेली चकरी) हाताने ओढला तरी हलत नाही. दहातल्या आठ जणांचं असंच असतं. विचारलं तर म्हणतात, सैल ठेवला की मासा पळतो. भाऊ, मासा पळणारच, तो पळावा म्हणूनच ड्रॅग दिलाय. शिंगटा असो का शिवडा, तळाला राहणारा मासा आहे, गळ लागला की पहिली धाव खाली नाहीतर कपारीकडं जोरात मारतो. त्या धावेला दोरी थोडी थोडी सुटत गेली तर मासा दमतो. सुटली नाही तर सगळा झटका एका गाठीवर येतो.

0.40 एमएमची साधी नायलॉन दोरी साधारण 8 ते 10 किलोची असते, पण तो आकडा सरळ, सावकाश ओढीचा. गाठीत ताकद कमी होते, नायलॉन भिजलं की अजून थोडी कमी होते, आणि झटका तर वेगळाच. म्हणून 3 किलोचा मासा 8 किलोची दोरी तोडतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदाराने फसवलं.

ड्रॅग किती ठेवायचा तर दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे वरच्या दोरीला दोन-अडीच किलो. घरी वजनकाटा नसला तरी चालतं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली पाण्याने भरा, झाली दोन किलो. दोरी गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) न ओवता थेट रीलवरून बाटलीच्या मानेला बांधा आणि रील हातात धरून बाटली अधांतरी लटकवा. नॉब असा लावा की बाटली जागेवर थांबली पाहिजे, पण रीलला हलका हिसका दिला की स्पूल करकर करत दोरी सोडली पाहिजे. एवढंच. दुकानात एक भरलेली बाटली कायम ठेवलेली आहे, रील दुसरीकडून घेतलेला असला तरी आणा, लावून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

दुसरं, ड्रॅग करकरत असताना हँडल फिरवत बसू नका. दोरी आत येत नाही, नुसता पीळ बसतो, आणि पुढच्या वेळी फेकायला गेलं की गुंता. मासा ओढतोय तोवर थांबायचं, तो थांबला की रॉड सावकाश वर घ्यायचा आणि खाली आणताना गुंडाळायचं.

गांडूळ लावून, रॉड दगडाला टेकवून जेवायला बसणाऱ्यांनी तर ड्रॅग आणखी सैल ठेवावा. आवळलेल्या रीलसकट अख्खा रॉड पाण्यात गेल्याचं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय, आणि त्यात नुसती दोरी नाही, हजारोंचा माल जातो.

आता तुटलेली दोरी सरसकट बदलून का देत नाही ते. तुटलेलं टोक आणा, मी ट्यूबलाइटखाली धरून तुमच्यासमोरच बघतो. टोक स्प्रिंगसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटली, ती ओली न करता आवळलेली असते. खरखरीत, पांढरं पडलेलं असेल तर दोरी खडकाला घासली. यातलं काही नसेल तर त्याच स्पूलची उरलेली दोरी ताणून बघतो, ती हातात तुटली तर नवीन देतो, वाद घालत नाही. रॉडचं टोक मोडलं असेल तर मात्र नाही, कारण ते बहुतेक वेळा बाभळीच्या फांदीत अडकलेला गळ रॉडने हिसकून काढताना मोडतं. अडकला तर दोरी हाताला गुंडाळू नका, हात कापतो, एखाद्या काठीला गुंडाळून सरळ मागं चालत जा.

शिंगट्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा करवतीसारखा असतो, गळ काढताना जाड फडकं आणि पक्कड वापरा. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो, सूज वाढली तर डॉक्टरकडं जा. परदेशी मांगूर लागला तर परत नदीत सोडू नका, तो बाकीचे मासे खाऊन टाकतो, देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. आणि उजनीतून भीमेत पाणी सोडतात तेव्हा पात्र रात्रीतून चढतं, बंधाऱ्याखाली झोपू नका.

घरी आल्यावर नॉब पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून बसतात आणि ड्रॅग अडकत सुटतो. सोलापूरच्या उन्हात बाइकच्या डिकीत महिनाभर पडलेली दोरी तर बदलूनच टाका. नवीन दोरी आपल्याकडून घेतली की स्पूल भरून, गाठ मारून, बाटलीवर ड्रॅग लावूनच देतो. फक्त शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, शुक्रवारी आलात तर निवांत शिकवता येतं.