मोठी देणगी हवी असेल तर आधी शेड्युल वन काढून बघा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बहुतेक छोट्या संस्थांत हिशेब, पावत्या आणि देणगीदारांची ऊठबस एकाच माणसाच्या गळ्यात असते. वसतिगृहाचा भाजीपालाही बहुधा तोच आणतो. मग कुणी मोठा माणूस 'देतो' म्हणाला की कागदांची शोधाशोध सुरू होते आणि पाहता पाहता 'देतो'चं 'बघू' होतं. कामावर नाराज होऊन कुणी हात आखडता घेतल्याचं मी फारसं पाहिलं नाही. गाडी अडते ती कागदावर.

कागद तसे थोडेच लागतात: नोंदणी दाखला, शेड्युल वनचा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला, विश्वस्तांची नावं असलेला), पॅन, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट देणारी नोंदणी), ८०जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी मंजुरी), तीन वर्षांचं ऑडिट, रद्द केलेला चेक, ठराव. कंपनीकडे तिच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीसाठी जायचं तर सीएसआर-१ हा नोंदणी नंबर.

यातला दाखला फ्रेम करून भिंतीवर असतो. उतारा कुणी वर्षानुवर्षं काढलेलाच नसतो. एका केळी व्यापाऱ्यानं दहा लाख कबूल केले होते. संस्थेनं त्याला उताऱ्याची जुनी झेरॉक्स दिली. सात विश्वस्तांपैकी तिघांच्या नावामागे कुणीतरी निळ्या पेनानं 'कै.' लिहून ठेवलेलं! व्यापाऱ्याच्या सीएनं एवढंच विचारलं, मग संस्था चालवतंय कोण? अध्यक्ष मला म्हणाले, "आते काय करानं भाऊ?"

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. मुदत गेली असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज. मृत्यू दाखले, सभेची नोटीस, इतिवृत्त आणि नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं जोडा. घोडं पेंड खातं ते नोटिशीपाशी. सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची हे संस्थेच्या घटनेत असतं, आणि घटनाच सापडत नाही. धर्मादाय कार्यालयातून नक्कल काढा. आधीचा एखादा बदल अर्ज पडून असेल तर नवाही त्याच्या मागे रखडतो. आणि अर्जाची पोच म्हणजे मंजुरी नव्हे. पोच दाखवून देणगी मागणारे पुष्कळ पाहिलेत.

दुसरी खोच ८०जीची. तात्पुरती मंजुरी ३ वर्षांची असते, म्हणून लोक तीन वर्षं निवांत बसतात. नियमित मंजुरीचा अर्ज मात्र मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा करायचा असतो. हे 'आधी येईल ते' कुणी वाचतच नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले. इथे लोकांच्या तोंडी आहेत तेच ठेवलेत. अर्ज भरताना पोर्टलवरचा नंबर बघा.)

देणगीदाराला 'पूर्ण टॅक्स माफ' असं कृपा करून सांगू नका. आपल्यासारख्या संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. नव्या करप्रणालीत गेलेल्या व्यक्तीला तीही नाही. रोख २,००० रुपयांवर असेल तर वजावट शून्य. शिवाय ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे १०बीडी हे देणग्यांचं विवरणपत्र भरून त्याला १०बीई हे देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहेच, पण एवढी मोठी रक्कम देऊन वजावट अडकली की तो माणूस पुन्हा तुमचा फोन उचलणार नाही.

रक्कम कायम ठेव म्हणून हवी असेल तर देणगीदाराचं तसं लेखी पत्र पैसे येतानाच घ्या. पत्र नसेल तर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि त्यातला ८५ टक्के खर्च दाखवण्याची तारांबळ उडते.

अमेरिकेतल्या गाववाल्याचा चेक घेताना पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्याची स्वतःची बचत ही परकीय देणगी नाही. पासपोर्टची झेरॉक्स फाइलला लावा. तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी लागते, आणि त्यासाठी साधारण ३ वर्षं जुनी संस्था व तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च ही अट आहे. आडनाव पाटील असल्यानं कायदा बदलत नाही.

कंपन्यांकडे लोक मार्चमध्ये धावतात. तोवर पैसे बहुतेक वाटून झालेले असतात. वर्षाचा आराखडा ठरत असताना, एप्रिल-मेमध्ये जा, आणि एकट्या लेखनिकाला न पाठवता विश्वस्तांपैकी कुणीतरी सोबत जा. आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, तेव्हा कारखाना तुमच्या एमआयडीसीतला असेल तर ते पहिल्या पानावर लिहा. नंदुरबार केंद्र सरकारच्या यादीतला आकांक्षित (विकासात मागे राहिलेला) जिल्हा आहे, तेही लिहा.

त्या व्यापाऱ्यानं दहा लाख परत नेले नाहीत. आधी दोन दिले, मुलींच्या न्हाणीघरासाठी. बाकीचे नवा उतारा हातात आल्यावर देईन म्हणालाय. बदल अर्जाची पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे.