नेम आणि सोडणे यांची फारकत : ‘टार्गेट पॅनिक’ची पार्श्वभूमी

शालेय स्पर्धांचा हंगाम जवळ आला की सोलापुरातील तिरंदाजीच्या सरावात एक तक्रार ऐकू येऊ लागते. कालपर्यंत व्यवस्थित बाण मारणारा मुलगा दोरी हनुवटीपर्यंत पोहोचण्याआधीच बाण सोडून देऊ लागतो; दुसऱ्या एखाद्या मुलीचे धनुष्य पुरते ताणलेले असते, पण तिचा नेम पिवळ्या वर्तुळाच्या खाली अडकतो आणि काही केल्या वर सरकत नाही. पालक याला उतावीळपणा म्हणतात आणि प्रशिक्षकही कधीकधी ‘लक्ष नाही’ एवढ्यावर विषय संपवतात. वास्तविक या मुलांचे लक्ष कमी नसून गरजेपेक्षा अधिक असते. तिरंदाजीच्या जगात या अवस्थेला टार्गेट पॅनिक म्हणतात. तिच्यावरचे उपाय वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या काळात आणि एकमेकांचा फारसा पत्ता नसताना शोधले गेले. तरी ते सगळे एकाच गोष्टीपाशी, म्हणजे नेम धरणे आणि बाण सोडणे यांची फारकत करण्यापाशी, येऊन थांबतात, हे त्यांचा इतिहास पाहताना ठळकपणे जाणवते.

आपल्याकडे बहुतेक मुले ज्या धनुष्याने सुरुवात करतात, त्या ‘इंडियन राउंड’ या देशी स्पर्धाप्रकाराच्या बांबूच्या धनुष्याला नेम धरण्यासाठी साइट नसते आणि दोरी पुरेशी ओढली गेली हे सांगणारे कोणतेही साधन नसते. डोळा, बोटे आणि सवय एवढ्यावरच सारा कारभार चालतो. पारंपरिक तिरंदाजीचे सौंदर्य त्यातच असले, तरी हा दोष शिरण्याची वाटही तीच आहे.

जुन्या युद्धातील तिरंदाजाला हा त्रास फारसा होत नसावा, असे मानायला जागा आहे. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवरील लाँगबो, म्हणजे लांब लाकडी धनुष्ये, अभ्यासकांनी तपासली, तेव्हा त्यांतील अनेकांचा ताण शंभर पौंडांच्या बराच वर असल्याचे अनुमान निघाले. असे धनुष्य ताणून धरून नेम न्याहाळत उभे राहणे जवळपास अशक्यच. त्याच १५४५ साली रॉजर अ‍ॅस्कम याने इंग्रजीत धनुर्विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. उभे राहणे, बाण दोरीला लावणे, ओढणे, धरून ठेवणे आणि सोडणे असे पाच भाग त्याने केले. पण धरून ठेवण्याविषयी त्याचे म्हणणे असे, की ते इतके अल्प असावे की घडत असताना डोळ्यांना दिसण्यापेक्षा घडून गेल्यावर मनालाच अधिक कळावे. जिथे थांबणेच नाही, तिथे थांबता न येण्याचा आजार तरी कुठून जडणार?

बंदुकांनी धनुष्याला रणांगणातून हटवले आणि ते बागांमधील छंदाचे साधन झाले, तसे हे गणित बदलले. धनुष्ये हलकी झाली, लक्ष्य रंगीत वर्तुळांचे झाले आणि मधल्या सोनेरी वर्तुळाला सर्वाधिक गुण मिळू लागले. या काळातील सर्वांत मोठे नाव म्हणजे होरेस फोर्ड. १८४९ ते १८५९ अशी सलग अकरा वर्षे आणि पुन्हा १८६७ मध्ये तो इंग्लंडचा विजेता ठरला, आणि १८५७ मध्ये त्याने दुहेरी यॉर्क राउंडमध्ये, म्हणजे १००, ८० आणि ६० यार्डांवरून मारलेल्या एकूण २८८ बाणांत, १२५१ गुण मिळवले. दोरी कानापर्यंत ओढण्याची जुनी रीत मोडून त्याने ती हनुवटीखाली आणली, बाण डोळ्याच्या बरोबर खाली ठेवला आणि नेम ही विचारपूर्वक करण्याची क्रिया मानली. आज सोलापूरच्या मैदानावरचे मूलही दोरी हनुवटीला टेकवते, त्यामागे हीच परंपरा आहे. फोर्डच्या पद्धतीने अचूकता वाढली यात शंका नाही. परंतु माझ्या मते ताणलेले धनुष्य आणि समोरचे सोनेरी वर्तुळ यांच्यामधला तो रिकामा क्षणही तिनेच तिरंदाजाच्या वाट्याला आणला, आणि पुढची सगळी गडबड त्या क्षणातच होते.

जपानच्या क्यूदो या धनुर्विद्येच्या परंपरेने हा क्षण फार पूर्वीच ओळखला होता. तिथे पूर्ण ताणलेल्या अवस्थेला ‘काई’ म्हणतात आणि ती परिपक्व होण्याआधी बाण सुटून जाण्याच्या दोषाला ‘हायाके’ असे नावच आहे. उलट, सोडताच न येण्याच्या दोषाला ‘मोतारे’ म्हणतात. दोन्ही दोष शिकवणीतच गृहीत धरलेले असल्यामुळे ते जडले तर शिष्याला लाज वाटण्याचे कारण उरत नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. नेहमीचे लक्ष्य २८ मीटरवर आणि ३६ सेंटिमीटर व्यासाचे असले, तरी ‘माकिवारा’ नावाच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर जेमतेम धनुष्याच्या लांबीएवढ्या अंतरावरून बाण मारण्याचा सराव नवशिक्यापासून गुरूपर्यंत सारेच करतात. तिथे चुकायला जागाच नसते, त्यामुळे नेम धरण्याची गरज उरत नाही आणि मन फक्त शरीराच्या हालचालीवर राहते.

अमेरिकेत विसाव्या शतकात धनुष्याने शिकार करण्याचा छंद वाढला आणि हा प्रश्न तिथे नव्याने समोर आला. धनुष्यनिर्माते आणि शिकारी म्हणून गाजलेले फ्रेड बेअर यांनाही हा त्रास होता; त्यांची झटकन बाण सोडण्याची शैली पुष्कळांनी कौतुकाने उचलली, पण तिच्यामागे हे कारणही होते. शतकाच्या मध्यानंतर तिथे क्लिकर पसरला. धनुष्यावर बसवलेल्या या पातळ पट्टीखालून बाणाचे टोक ओढले जाऊन बाहेर आले की ‘टक्’ असा आवाज होतो आणि तो ऐकल्यावरच बोटे सैल करायची असतात. आज तो बाणाची ओढ दरवेळी सारखी राखण्याचे साधन म्हणून शिकवला जातो. मात्र त्याने केलेले मोठे काम वेगळेच आहे. सोडण्याचा हुकूम त्याने डोळ्याकडून काढून कानाकडे दिला. बेअरबो, म्हणजे साइटशिवाय बाण मारण्याच्या प्रकारात जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांनुसार क्लिकर चालत नाही आणि आपल्या बांबूच्या धनुष्यावरही तो नसतो, त्यामुळे पारंपरिक तिरंदाजाला हा हुकूम दुसरीकडून मिळवावा लागतो.

डोळ्याकडून हुकूम काढून घ्यावा का लागतो, याचे उत्तर रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह याच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत सापडते. घंटेनंतर अन्न मिळत गेले की पुढे नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. तसेच नेम पिवळ्यावर आला की लगेच बाण सोडायचा, हे शेकडो वेळा घडले की पिवळा दिसणे हीच बोटे उघडण्याची खूण बनते. आपल्याकडे हातमागावर बसलेल्या जुन्या विणकराचा पाय दाबला जाताच हात आपोआप धोट्याकडे जातो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की विणकराला ते हवे असते आणि तिरंदाजाला नको असते. खूण दिसताच बोटे उघडणार, हे जाणून मन घाबरते आणि नेम पिवळ्यापर्यंत जाऊच देत नाही. खाली गोठलेला नेम हे त्याचे दुसरे रूप. गोल्फमधील ‘यिप्स’, म्हणजे ऐन फटक्याच्या वेळी हात नकळत झटकणे, आणि डार्ट्समध्ये पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या एरिक ब्रिस्टोला १९८० च्या दशकात जडलेला ‘डार्टायटिस’, म्हणजे डार्ट हातातून सोडताच न येणे, ही याच कुळातील दुखणी मानली जातात. यिप्सवरील संशोधनात दोन टोके मांडली गेली आहेत : एका टोकाला ठरावीक हालचालीपुरता स्नायूंवरील ताबा सुटणे, म्हणजे फोकल डिस्टोनिया, आणि दुसऱ्या टोकाला निव्वळ दडपण. हे लक्षात घेतले, तर प्रत्येक मुलाला ‘मन घट्ट कर’ असे सांगणे किती अपुरे आहे ते कळते.

इथे आपल्या आदिपर्वातील द्रोणांच्या परीक्षेची कथा वेगळ्या नजरेने वाचावीशी वाटते. मराठी घरांत ती ‘मला फक्त पोपटाचा डोळा दिसतो’ इथे संपते आणि एकाग्रतेचा धडा म्हणून सांगितली जाते. महाभारतात पक्षी ‘भास’ जातीचा आहे, तोही कारागिरांनी बनवलेला, आणि अर्जुनाला त्याचे मस्तक दिसते. पण तिरंदाजाच्या दृष्टीने कथेतील महत्त्वाची अट आणखी आधी येते : माझे वाक्य निघताच बाण सोडायचा, असे द्रोण सांगतात. युधिष्ठिर धनुष्य ताणून उभा राहतो, द्रोण काही वेळ जाऊ देतात, प्रश्न विचारतात आणि बाण न सोडताच त्याला बाजूला व्हायला लावतात. इतर शिष्यांचेही तेच होते. लक्ष्य समोर, धनुष्य ताणलेले, आणि तरीही सोडायचे नाही. आजचे प्रशिक्षक टार्गेट पॅनिकसाठी सांगतात तो पहिला व्यायाम नेमका हाच आहे. घरी सांगताना आपण एकाग्रता ठेवली आणि हुकूम गाळला.

अर्थात स्पर्धेत मागे द्रोण उभे नसतात. सरावात ‘अरे थांब, थांब… आता सोड’ असे ओरडणारे सर उपयोगी पडतात, पण त्यांच्याच आवाजाची सवय झालेला मुलगा स्पर्धेच्या दिवशी पुन्हा डोळ्याच्या हुकमावर जातो. म्हणून अलीकडचा भर हा हुकूम आत नेण्यावर आहे. हालचाल चालू असतानाच तिच्यावर लक्ष ठेवून ती दुरुस्त करता येते, अशा ‘क्लोज्ड लूप’ नियंत्रणाचा सिद्धांत जॅक अ‍ॅडम्स यांनी १९७१ मध्ये मांडला होता. अमेरिकेतील पोलीस दलात काम केलेले जोएल टर्नर यांनी ही कल्पना तिरंदाजीत लोकप्रिय केली. दोरी ओढून झाल्यावर पाठीचे स्नायू सावकाश आवळत राहायचे, मनात ठरवलेला शब्द म्हणत राहायचे आणि त्या ओढीच्या ओघात बाण सुटू द्यायचा. कोणत्याही टप्प्यावर थांबून दोरी परत आणता येईल एवढा वेग आपल्या हातात ठेवायचा.

सोलापुरात यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. सकाळी उन्हाच्या आत तीन-चार मीटरवरून बटवर, म्हणजे बाण ज्यात रुततो त्या गठ्ठ्यावर, लक्ष्याचा कागद न लावता आणि शक्य तर डोळे मिटून, बाण मारायचे; मग मोठा कागद लावून धनुष्य ताणायचे, नेम पिवळ्यावर आणायचा आणि न सोडता दोरी परत आणायची; नेम तिथे बिनधास्त राहू लागला की अंतर थोडेथोडे वाढवायचे. धनुष्य जड असेल तर ते बदलावेच लागते, कारण थकलेला खांदा कोणताही हुकूम ऐकत नाही. खरी अडचण वेळेची आहे : जिल्हास्तरीय स्पर्धा तोंडावर असताना गुण मोजणे बंद करायला ना मूल तयार होते ना पालक, आणि मग पिवळा दिसणे आणि बोटे उघडणे यांची जुनी जोडी आणखी पक्की होते. शिवाय बरे वाटले म्हणून हा सराव सोडूनही चालत नाही. दबलेली प्रतिक्रिया काही काळाच्या खंडानंतर आपोआप परतते, हे पाव्हलॉव्हनेच नोंदवले होते. म्हणून कागद नसलेल्या बटचा सराव हंगाम सुरू झाल्यावरही आठवड्याच्या वेळापत्रकात ठेवावा लागतो.