लाकडी जहाजांची मॉडेलं आणि बारकाव्याचा आग्रह: पार्श्वभूमी

नागपुरात लाकडी जहाजाचं मॉडेल प्रदर्शनात मांडलं की एक वाद हटकून निघतो: बाहेरच्या फळ्यांवर लाकडी खिळे दिसावेत की दिसू नयेत. बघायला आलेल्या माणसाला हा रिकामा उद्योग वाटतो. मॉडेल करणाऱ्यांत मात्र यावरून एकमेकांशी अबोला धरलेले लोक आहेत. हा आग्रह आला कुठून, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. इजिप्तच्या थडग्यांत ठेवलेल्या बोटी किंवा युरोपातल्या चर्चमध्ये नवसाची म्हणून टांगलेली जहाजं श्रद्धेपोटी केलेली होती, मापाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मापाची शिस्त आली ती इंग्लंडमध्ये, 17 व्या शतकाच्या उत्तरार्धात, नौदलाच्या कारभारासाठी केलेल्या मॉडेलांतून. फुटाला पाव इंच, म्हणजे 1:48, हे प्रमाण तिथे रुळलं आणि आजही मोठं काम करणारे तेच धरतात. ग्रीनिच आणि अ‍ॅनापोलिस इथल्या संग्रहांत यातली उत्तम मॉडेलं आहेत. आजच्या मॉडेलकारांना ती बारकाव्याचा कळस वाटतात. पण त्या कारागिरांनी खालच्या भागावर फळ्या न बसवता ज्या फासळ्या उघड्या ठेवल्या, त्यांची मांडणी खऱ्या जहाजातली नव्हती. डोळ्याला सुबक दिसेल अशी ती एक ठरीव रचना होती. पुढच्या काळातल्या काही मॉडेलांत तर डेकच्या फळ्या वेगळ्या कापलेल्याही नाहीत, एकाच पत्र्यासारख्या लाकडावर रेघा ओढून दाखवल्या आहेत. काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हे तेव्हाही ठरवूनच होत होतं.

1793 ते 1815 या युद्धकाळात इंग्लंडमधल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातल्या हाडांपासून जहाजं केली. नॉर्मन क्रॉसच्या छावणीतली अशी मॉडेलं प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावरचं कोरीवकाम थक्क करतं, पण प्रमाण पुष्कळदा बिघडलेलं असतं. बारीक काम आणि बरोबर काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या मॉडेलांकडे पाहून समजतं. आपल्याकडच्या प्रदर्शनांतल्या परीक्षकांना ते अजून पुरतं पटलेलं दिसत नाही.

आपल्याला जवळचा काळ त्यानंतरचा. विसाव्या शतकात हा छंद घरोघरी पोचला तो आधी एका ठोकळ्यातून कोरलेल्या भरीव धडावर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इटली-स्पेनच्या किटांवर. किटात जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे तुकडे उभे करायचे, त्यांवर लाइम नावाच्या युरोपातल्या झाडाच्या (आपलं लिंबू किंवा कडुनिंब नव्हे) मऊ पट्ट्यांचा पहिला थर द्यायचा आणि वरून अक्रोडाचा पातळ दुसरा. नागपुरात हे किट उशिरा आलं. इथे जहाजाचं मॉडेल म्हटलं की आधी आठवायची ती शाळा-कॉलेजातली छात्रसेना, म्हणजे एनसीसी. तिच्या नौदल शाखेत जहाजांची मॉडेलं करणं हा प्रशिक्षणाचा आणि स्पर्धेचाही भाग आहे. तिथली सवय बाल्साची: हलकं, ब्लेडने सहज कापलं जाणारं लाकूड, पाण्यावर तरंगून चालून दाखवायचं मॉडेल, वरून पुट्टी आणि राखाडी रंग. रंगाखाली फळी दिसतच नाही, मग खिळ्याची पंचाईत कशाला? आजच्या साठीतल्या अनेक मॉडेलकारांचा हात असा बसलेला आहे आणि नव्या पोरांच्या ठिपक्याठिपक्यांच्या जहाजांकडे ते कपाळाला आठी घालून बघतात, त्याचं मूळ इथे आहे.

1991 नंतर आयातीची दारं किलकिली झाली, पुढे इंटरनेटवरून पार्सलं यायला लागली आणि कस्टम ड्युटी भरून का होईना, किटं घरात आली. मग लेझरने कापलेले भाग आले. गेल्या दहा-बारा वर्षांत चिनी किटांनी पेअरच्या लाकडाच्या, खऱ्या फासळ्यांच्या जवळ जाणाऱ्या रचना बाजारात आणल्या. त्यातल्या काही दुसऱ्यांच्या आराखड्यांच्या चोरीच्या नकला होत्या आणि त्यावरून जगभर भांडणं झाली. आपल्याकडे स्वस्त पडतं म्हणून तो मुद्दा फारसा कुणी काढत नाही.

लाकडाच्या बाबतीत नागपूरची गंमत वेगळीच आहे. बल्लारपूर-आलापल्लीचं सागवान म्हणजे देशातलं नावाजलेलं लाकूड. नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेलं. मुंबईच्या गोदीत बांधलेली जहाजं सागवानीच होती, त्यातलं 1817 साली पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. साहजिकच लकडगंजात जाऊन नवखा मॉडेलकार आधी साग मागतो आणि फसतो. सागाचे रेषे जाड, छिद्रं डोळ्यांना दिसणारी. 1:48 वर तेच छिद्र अर्ध्या इंचाच्या भोकाएवढं वाटतं. शिवाय सागात सिलिका असते, धार लगेच बोथट होते. छोट्या कामाला रेषा दबलेलं, एकजीव लाकूड हवं. आपल्या जंगलातला हळदू त्या कामाचा आहे: पिवळसर, बारीक पोताचा, पूर्वी गिरण्यांच्या बॉबिनसाठी वापरला जाणारा. बॉक्सवुड हे बारीक पोताचं महाग विलायती लाकूड परवडत नाही तिथे हळदू बिनतक्रार चालतो. आरा मशीनवर तो मागितला तर लगेच मिळेल असं नाही, पण जुन्या मोडीत निघालेल्या सामानात सापडतो.

तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवणारे हात याच शहरात आहेत. त्या कारागिराचं वशिंड, शिंगांचा बाक, गळ्याची पोळी हे सगळं नजरेच्या अंदाजावर उतरतं आणि उत्तम उतरतं. पण त्याच्यापुढे 6 मिलिमीटर रुंदीची, टोकाकडे 4 वर येणारी फळी ठेवा, “इतकं बारीक काहून करता भाऊ?” असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. नंदी नंदीसारखा दिसला की काम झालं, जहाजाला मूळ मापाचा हिशोब द्यावा लागतो.

आता खिळे. खऱ्या लाकडी जहाजात फळी फासळीला धरून ठेवायला लाकडाच्या गोल मेखा ठोकत. त्यांचा व्यास साधारण दीड इंच धरला, म्हणजे 38 मिलिमीटर, तर 1:48 वर तो 0.8 मिलिमीटर होतो, 1:64 वर 0.6 आणि 1:96 वर जेमतेम 0.4. प्रत्येक फासळीवर प्रत्येक फळीला एक किंवा दोन. फ्रिगेटसारख्या एका मध्यम लढाऊ जहाजाला हजारो लागतात. म्हणूनच बराच काळ लोकांनी त्या गाळल्याच. नंतर सुईने टोचून पेन्सिलचं टोक फिरवायची सोपी पद्धत आली, भोकात गडद पुट्टी भरायची आली आणि अक्रोडाच्या काड्या ठोकून चॉकलेटी ठिपक्यांची रांग उठवायची फॅशन आली. प्रदर्शनात दहा पावलांवरून दिसतं ते हेच. बक्षिसं त्याला मिळाली, आणि बक्षीस मिळालं की पद्धत रुजते.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. खऱ्या जहाजाच्या बाजूला रंग असे. पाण्याखालचा भाग आधी राळ-चरबीच्या लेपाने आणि 1780 च्या सुमारापासून ब्रिटिश नौदलात तांब्याच्या पत्र्यांनी झाकलेला असे. डेकवर लोखंडी खिळ्याच्या डोक्यावर लाकडी बूच बसवत आणि बुचाचे रेषे फळीच्या रेषांना समांतर ठेवत, ते दिसू नये म्हणूनच. मग मॉडेलवर काळे ठिपके कसले? देवी आलेल्या तोंडासारखं जहाज कशाला करायचं?

दुसरी बाजू म्हणते, मॉडेल हा जहाजाचा फोटो नाही, ते बांधणी दाखवतं. रंग न लावलेलं, फासळ्या उघड्या ठेवलेलं मॉडेल मुळातच खोटं आहे, मग त्यात सांधा कुठे धरला ते दाखवलं तर बिघडलं काय?

दोन्हींत तथ्य आहे, पण माझ्या मते भांडण दिसण्या-न दिसण्याचं नसून रंगाच्या फरकाचं आहे, आणि त्यावरचं उत्तर विदर्भात फुकटात पडलेलं आहे. गडचिरोलीचा बांबू. दोन पेरांमधला सरळ तुकडा घ्यायचा, सालीलगतचा घट्ट भाग ठेवायचा, आतला भुसभुशीत टाकायचा. चाकूने चिरत चिरत काडीएवढ्या पट्ट्या करायच्या आणि इतवारीच्या सराफ्यात सोनार तार ओढायला जी भोकांची पोलादी पट्टी वापरतात, ती घ्यायची. सोनार तार मोठ्या तोंडाकडून घालतो, कारण त्याला धातू दाबायचा असतो. बांबू उलट्या बाजूने, बारीक तोंडाकडून घालायचा, म्हणजे भोकाची कड त्याला सोलून काढते. 2 मिलिमीटरपासून एकेक भोक उतरत 0.8 वर यायचं. घाई केली की काडी तुटते, ओढ सरळ नसली की पिळा पडतो. ड्रिलसाठी सर्किट बोर्डाला वापरतात ती 0.8 ची बिटं चालतात, सीताबर्डीत मिळतात. भोकात गोंदाचा थेंब, काडी ठोकायची, कापायची, घासायची. हळदूवर तेलाचा हात दिला की बांबूचं आडवं टोक थोडं जास्त तेल पितं आणि फळीपेक्षा अर्धी छटा गडद होतं. हातभर अंतरावरून दिसतं, खोलीच्या दारातून दिसत नाही. सुतार चौकटीच्या सांध्यात बांबूची मेख मारतातच, त्यामुळे हे तंत्र इथे कुणाला परकं वाटायचं कारण नाही. तरीही प्रदर्शनात चॉकलेटी ठिपकेच पुढे जातात, ते का, याचं उत्तर परीक्षकांनीच द्यावं.

तांब्याच्या पत्र्यांचंही असंच. खरा पत्रा 4 फूट लांब आणि 14 इंच रुंद, म्हणजे 1:48 वर साधारण 25 बाय 7.5 मिलिमीटर. कित्येक किटांतल्या पत्र्यांवर खिळ्यांचे जे उंचवटे उठवलेले असतात ते मापात काढले तर फारच मोठे होतात. खरे खिळे पत्र्याच्या पातळीत ठोकलेले असत.

हवेचा प्रश्न मात्र खास नागपुरी. मे महिन्यात पारा 45 वर, हवा कोरडी ठणठणीत, त्यात मॉडेलकार कूलरसमोर बसून फळ्या चिकटवतो. पट्टी ओल खाऊन फुगलेली असते, तशीच बसते आणि कूलर बंद झाल्यावर आकसून फट सोडते. पावसाळ्यात चिकटवलेल्या फळ्या उन्हाळ्यात उघडतात. फटीत काळा कागद घालून कापूस-राळ भरल्याचा आभास करायची रीत आहे, पण ती सरळ एकसारख्या फटीसाठी. हवेने उघडलेली फट कागदाने झाकत नाही. जाणते लोक पट्ट्या कापून महिनाभर त्याच खोलीत ठेवतात आणि बाहेरचा थर सहसा दिवाळीनंतरच्या कोरड्या-थंड दिवसांत चढवतात.

अलीकडचा, आणि माझ्या मते जास्त अवघड, प्रश्न मराठा आरमाराच्या जहाजांचा आहे. 2022 मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवकालीन राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, पुढच्या वर्षी नौदल दिन सिंधुदुर्गावर झाला. त्यानंतर गुराब आणि गलबतांच्या प्रतिकृती स्मृतिचिन्हांच्या दुकानांत जागोजाग दिसू लागल्या, बहुतेक लेझरने कापलेल्या एमडीएफच्या. चांगले मॉडेलकारही गुराबीकडे वळले, आणि अडले. ट्रिंकोमलीचे आराखडे उपलब्ध आहेत. तेही पहिल्या फेरीत ज्या जहाजावरून पाठवले होते ते अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं, तेव्हा मुंबईला पुन्हा नकला पाठवाव्या लागल्या होत्या. गुराबीचा मात्र त्या काळातला मापाचा आराखडा हाताशी नाही. 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं, त्यामुळे मोजायला सांगाडाही उरला नाही. आहे ते 18 व्या शतकातल्या एका इंग्रज लेखकाचं वर्णन: दोन किंवा तीन डोलकाठ्या, तीनवाली सुमारे 300 टनांची, दोनवाली 150 च्या आत, पाण्यात कमी बुडणारी, लांबीच्या मानाने रुंद, पुढे लांब नाळ, म्हणजे बाहेर निघालेलं टोक. गलबत तसंच पण लहान, फार तर 70 टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं.

एवढ्यावर कोरीव खांब, सिंहमुखं, नक्षीदार सज्जे असलेली गुराब उभी राहते तेव्हा तो बारकावा करणाऱ्याच्या मनातला असतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या बांधणीत फळ्या कडेला कड लावून न ठेवता एकमेकींत खाच करून बसवत, असं सुरतेच्या जहाजांबद्दल नोंदलेलं आहे. हा खरा तपशील, पण तो बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी करत नाही. गुराब करणाऱ्यांनी मॉडेलच्या पट्टीवर निदान एवढं लिहायला हरकत नाही: डोलकाठ्या, टनभार आणि नाळ नोंदीवरून, वक्र रेषा अलीकडच्या मचव्यावरून, नक्षी स्वतःची. काही जण तसं लिहू लागले आहेत आणि त्यांच्या जहाजावर खिळ्यांचे ठिपके नसले तरी कुणी विचारत नाही.