बिनटपाच्या छोट्या गाड्या

जुन्या कन्व्हर्टिबल, म्हणजे टप काढता येणाऱ्या गाड्यांची डायकास्ट, म्हणजे साच्यात घडवलेल्या धातूची मॉडेल्स जमवणारा माणूस मॉडेल हातात घेतलं की आधी आत डोकावतो. टप असला की आतलं बरंच झाकून जातं. टप नसला की सीट, स्टिअरिंग, डॅशबोर्ड सगळं उघड्यावर. त्यामुळे या खेळण्यांची घडण कशी सुधारत गेली, हे बिनटपाच्या गाड्यांवरून जेवढं कळतं तेवढं इतर गाड्यांवरून कळत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

सुरुवात लिव्हरपूलची. मेकॅनो हे जोडणीचं खेळणं बनवणाऱ्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने डिसेंबर १९३३ मध्ये खेळण्यातल्या रेल्वेशेजारी मांडायला सहा वाहनांचा संच काढला. त्यातली पहिलीच, २२ए क्रमांकाची गाडी, उघडी स्पोर्ट्स कार होती. पुढच्या वर्षी या मालिकेला डिंकी टॉइज हे नाव मिळालं. आज संग्राहकांच्या तोंडी असलेलं १:४३ हे प्रमाण (म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढं मॉडेल) सुद्धा रेल्वेचंच. ब्रिटनमध्ये ओ गेज या मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेगाड्या फुटाला सात मिलिमीटर धरून बनायच्या, त्यातून हा आकडा आला.

आधीचं शिसं लवकरच मागे पडलं आणि जस्ताचा मिश्रधातू आला. तो वितळवून दाबाने पोलादी साच्यात भरायचा, हेच डायकास्टिंग. पण त्या जस्तात शिशाचा अंश राहिला, तर काही वर्षांनी धातूला बारीक चिरा पडतात, तो फुगतो आणि शेवटी बिस्किटासारखा मोडतो. युद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी अशा गेल्या. यावर इलाज नाही. म्हणून त्या काळातली धडधाकट उघडी गाडी दिसली की माझा जीव हरखतो.

पन्नाशीच्या दशकात डिंकीने एमजी मिजेट, ऑस्टिन-हीली, सनबीम अल्पाइन, ट्रायम्फ टीआर२ अशा गाड्या आणल्या आणि त्यांत चालकही बसवला. शर्यतीच्या गाडीत पांढऱ्या पोशाखातला, फिरायला निघालेल्या गाडीत साध्या कपड्यांतला. १९५६ साली कॉर्गी ही डिंकीची स्पर्धक बाजारात उतरली ती खिडक्यांना काचा लावूनच, आणि तीच तिची जाहिरात होती. काचेतून आत पाहता येऊ लागलं, तसा आतला रिकामेपणाही डोळ्यांवर आला. मग सीट आणि स्टिअरिंगसह प्लास्टिकचा अंतर्भाग टप असलेल्या गाड्यांतही रुळला.

अमेरिकेत २१ एप्रिल १९७६ रोजी कॅडिलॅक एल्डोरॅडोची शेवटची कन्व्हर्टिबल कारखान्याबाहेर पडली, तेव्हा तिथल्या उघड्या गाड्यांचा काळ सरला असंच लोकांना वाटलं. १९८२ मध्ये क्रायस्लरने त्या परत आणल्या. त्याच सुमारास मॉडेल्स मुलांच्या हातून मोठ्यांच्या कपाटात शिरत होती. इटलीच्या बुरागोने १:१८ प्रमाणातली मोठी मॉडेल्स परवडणाऱ्या किमतीत दिली. त्यांची १९६१ची जॅग्वार ई कॅब्रिओले माझ्या टेबलावर आहे. लांबलचक बॉनेट अख्ख्या नाकासकट पुढे कलतं, दारं उघडतात, स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. बुरागो २००५ साली बुडाली आणि मेस्टो ही मॉडेल्स बनवणाऱ्या मे चाँग समूहाने तिचं नाव विकत घेतलं.

आपल्याकडचा धागा कोलकात्याचा. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे वापरून झालेले साचे तिथे आले आणि निकी टॉइज या नावाने गाड्या निघाल्या. उघडी बेंटले त्यांतलीच. रंग जाडसर, कडा थोड्या बोथट. परदेशातले काही संग्राहक यांना दुय्यम समजतात, मला ते पटत नाही. लिव्हरपूलच्या साच्यातून आपल्या कामगारांनी काढलेल्या या गाड्या आहेत. मी निकी पाहिली की आधी उलटी करतो. काहींच्या तळाशी मूळ डिंकीचं नाव खोडल्याची खूण अजून दिसते.